भर उन्हाळ्यात सुपरकार काढायची का? पुण्यापुरतं सांगतो

एप्रिल लागला की एकच प्रश्न सारखा येतो, दादा आज ऊन फार आहे, गाडी काढू की नको? विचारणारा कधी फेरारीवाला असतो, कधी पोर्शवाला, कधी नुकतीच सेकंडहँड इटालियन गाडी घेतलेला, पण भीती सगळ्यांची एकच, एवढी महागडी गाडी आणि उन्हात तापून काही झालं तर. उत्तर आधीच सांगून टाकतो. काढायची, नक्की काढायची, फक्त कुठल्या वेळेला आणि कुठल्या रस्त्याला हे ठरवून काढायची. पुण्याचं ऊन या गाड्यांना झेपतं, पुण्याचं ट्रॅफिक झेपत नाही, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की मग खरी वाट लागते.

नुसत्या उन्हाला घाबरायचं का नाही ते बघा. या कंपन्या गाडी बाजारात आणायच्या आधी ती अमेरिकेत डेथ व्हॅलीसारख्या ठिकाणी आणि आखाती देशांत नेऊन तापवतात. दुबईत तर ४५ डिग्रीत या गाड्या रोज फिरतात. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलच्या शेवटी शिवाजीनगरला पारा ४३ पर्यंत गेला होता, तो पुण्याचा अगदी टोकाचा आकडा, एरवी एप्रिल-मे मध्ये दुपारी ३८ ते ४१ धरून चाला. म्हणजे बाहेरच्या हवेचं टेम्परेचर हा काही या गाडीसाठी नवा विषय नाही.

प्रॉब्लेम आहे तो हवा न मिळण्याचा. तुमची साधी सेडान घ्या, इंजिन पुढे, रेडिएटर त्याच्या पुढे, फॅन लागून, सगळं एका जागी. मिड-इंजिन गाडीत इंजिन तुमच्या पाठीमागे काचेखाली कोंबलेलं, आणि रेडिएटर मात्र बऱ्याच गाड्यांत पार पुढच्या बंपरमध्ये, मध्ये गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाइप. गाडी ८० ने चालली की समोरून आणि बाजूच्या व्हेंटमधून हवेचा असा मारा होतो की सगळं थंडगार. गाडी थांबली की तो मारा बंद, सगळा भार छोट्या फॅनवर, आणि मागच्या बाजूला एक्झॉस्टची उष्णता कोंडून बसते, तिला जायला वाटच नसते. त्यामुळे ४० डिग्रीत एक्सप्रेसवेवर पळणारी गाडी एकदम खुश असते आणि तीच गाडी ३४ डिग्रीत विद्यापीठ चौकात अर्धा तास अडकली की गॅसवर जाते.

आता वेळ. पुण्याचा उन्हाळा दिवसभर सारखा नसतो हे आपलं नशीब. मे मध्ये सुद्धा पहाटे पाषाण, एनडीए, मुळशीकडे छान गारवा असतो, सहाच्या आसपास उजाडतं, आणि साडेनऊ-दहापर्यंत गाडी चालवायला मजा येते. पाचला उठायचं, साडेपाचला बेसमेंटमधून बाहेर, नऊला परत, हे उन्हाळ्याचं टाइमटेबल. त्यानंतर डांबर तापायला लागतं, आणि हवा ४० असेल तर उन्हातलं डांबर सहज ५५-६० ला जातं, ते तुमच्या टायरला आणि गाडीच्या पोटाला लागतं, हवामानाच्या ॲपवर दिसणारा आकडा नाही. संध्याकाळी काढायची असेल तर साडेसात-आठच्या आधी नको, रस्ता थंड व्हायला वेळ लागतो. आणि कोरेगाव पार्क, मगरपट्टा, वडगाव शेरी हा सगळा पट्टा तर रात्रीसुद्धा गरमच असतो, पाषाणला जॅकेट घालावंसं वाटत असतं तेव्हा तिकडे घाम येत असतो. रात्री उशिरा रिकामे रस्ते बघून गाडी पळवायची म्हणत असाल तर तिथे मी स्पष्ट नाही म्हणतो, २०२४ च्या मे मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहितीये, पोर्शने मोटरसायकलला उडवलं आणि दोन तरुण जीव गेले. शहरातला रस्ता रात्री अडीचला पण शहरातलाच रस्ता असतो.

मे मधली अजून एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे वळीव. दुपारभर तापलं की चार-पाचला ढग भरून येतात आणि अर्ध्या तासात धुवून काढतात. महिनोन्महिने रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि धूळ त्या पहिल्या पाण्यात वर येतं, साबणच होतो रस्त्याचा. तुमच्या गाडीला पायलट स्पोर्ट कप २ किंवा पी झीरो कोर्सा यांसारखे ट्रॅककडे झुकलेले टायर असतील तर अशा पाण्यात ते अजिबात पकडत नाहीत, ५००-६०० हॉर्सपॉवर मागच्या दोन चाकांवर आणि खाली घसरडं, विचार करा. शिवाय वादळी वाऱ्यात गुलमोहराच्या फांद्या पडतात त्या वेगळ्याच. म्हणून मे मध्ये दुपारी चारनंतर ढग दिसत असतील तर गाडी आत राहू द्या.

गाडी काढायच्या आधी काय बघायचं

मार्च संपायच्या आत एकदा टॉर्च घेऊन गाडीच्या पुढे जमिनीवर बसा. ही गोष्ट कोणी करत नाही आणि गाडी तापण्याचं कारण बरेचदा इथेच सापडतं. पोर्शची वॉटर-कूल्ड (पाण्याने थंड होणारी) ९११ किंवा बॉक्स्टर असेल तर पुढच्या बंपरच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यात जाळी दिसेल, त्याच्या आत आधी एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर. टॉर्च आत मारला की काय काय दिसतं, वाळलेली कडुनिंबाची पानं, गुलमोहराच्या पाकळ्या दाबून दाबून पुठ्ठ्यासारख्या झालेल्या, चिप्सच्या पाकिटाचे तुकडे, चिलटं, आणि या सगळ्यावर पुण्याच्या बांधकामांची पांढरी सिमेंटची धूळ. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत तर ओला चिखल होऊन बसलेला असतो, त्यानेच कंडेन्सर सडून एसीचा गॅस लीक होतो. वरवरचा कचरा घरच्या व्हॅक्युमला मऊ ब्रश लावून निघतो. प्रेशर वॉशरचा फवारा सरळ जाळीत मारू नका, ती ॲल्युमिनियमची पातळ पानं वाकली की हवा जायची वाट कायमची बंद. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा बंपर उतरवून नीट साफ करून घ्या, खर्च होतो, पण रेडिएटर बदलण्यापुढे काहीच नाही. फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन कुठलीही असो, आपल्या गाडीचे रेडिएटर आणि ऑइल कूलर नक्की कुठे आहेत ते माहिती करून घ्या आणि तिथे टॉर्च मारा. (जुनी एअर-कूल्ड ९११ असेल, म्हणजे १९९८ पर्यंतची, तर तिला रेडिएटरच नाही, तिथे फॅनचा बेल्ट आणि ऑइल कूलर हेच सर्वस्व.)

कूलंट, म्हणजे रेडिएटरमधून फिरून इंजिन थंड ठेवणारं द्रव. त्यात साधं पाणी टॉपअप करायचं नाही, नळाचं तर नाहीच नाही आणि बोअरचं म्हणजे गुन्हा. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बहुतेक गाड्यांत निम्मं-निम्मं. कूलंटचं काम नुसतं गोठू न देणं हे नाही, ते उशिरा उकळतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा जास्त, आणि टाकीचं झाकण जो प्रेशर धरून ठेवतं त्यामुळे तो अजून चढून १२५-१३० च्या घरात जातो. म्हणूनच टेम्परेचरचा काटा १०५ दाखवत असला तरी आत उकळत नसतं. पण ते झाकण जुनं झालं, त्याचं रबर गेलं, की प्रेशर धरत नाही आणि सगळं गणित बिघडतं. झाकण ही स्वस्तातली वस्तू आहे, बदलून टाका. गाडी दहा वर्षांच्या वर असेल तर होज पाइप दाबून बघा, दगडासारखे कडक किंवा फुगून मऊ झालेले असतील तर बदला, क्लिपा पण नव्या.

ब्रेक ऑइल पण याच वेळी. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पुण्यात चार महिने पावसाळा, गाडी नुसती उभी असली तरी शोषतच असतं. डॉट ४ या ग्रेडचं ब्रेक ऑइल कोरडं असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळायला पाहिजे असा नियम आहे, पाणी शोषल्यावर तोच आकडा १५५ वर येतो. एक्सप्रेसवेवर खंडाळ्याहून खाली खोपोलीकडे उतरताना ब्रेक सारखे वापरलेत आणि ऑइल जुनं असेल तर पेडल स्पंजसारखं खाली जातं. कार्बन सिरॅमिक डिस्क असली म्हणून सुटका नाही, डिस्क टिकेल पण ऑइल तेच आहे. दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे बदलायचं, किलोमीटर किती झाले ते बघायचं नाही.

टायरवर जरा थांबतो, कारण उन्हाळ्यात जीव जातो तो बहुतेक टायरमुळे जातो, इंजिनमुळे नाही. सुपरकार कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि मालक म्हणतो टायर तर नवीन आहेत. टायरच्या बाजूला इंग्रजीत DOT लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर रबर कडक झालेलं असतं, नक्षी कितीही असो, अशा टायरवर उन्हाळ्यात स्पीड नको. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर गाडी हलवूच नका. हवा नेहमी पहाटे, गाडी निघायच्या आधी, थंड टायरमध्ये चेक करायची, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच भरायचा. टेम्परेचर साधारण साडेपाच-सहा डिग्री वाढलं की प्रेशर एक पीएसआय वाढतं, म्हणजे बेसमेंटमध्ये २४ डिग्री असताना भरलेली हवा दुपारी ४० मध्ये तीनेक पीएसआयने आपोआप वाढते आणि पळवल्यावर अजून चार-पाच. हे वाढणं कंपनीने धरलेलं असतं. त्यामुळे गरम टायरमधली हवा सोडायची नाही, बरेच जण फूड मॉलला थांबून हेच करतात, आणि उन्हाळा आहे म्हणून आधीच कमी हवा भरायची हे तर अजिबात नाही. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, आणि सिमेंटच्या रस्त्यावर १०० च्या स्पीडने तसाच चालला की फाटतो. नायट्रोजन भरला म्हणून प्रेशर वाढत नाही असं पंक्चरवाला सांगेल, ते खरं नाही, नायट्रोजन पण हवेसारखाच फुगतो, फक्त त्यात ओल नसते एवढाच फायदा. आणि पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा गेज घ्या.

कुठला रस्ता

नियम सोपा आहे, जिथे गाडी सतत चालत राहील तो रस्ता चांगला. कितीही सुंदर रस्ता असला आणि तिथे पोचायला तासभर रांगेत उभं राहायचं असेल तर तो उन्हाळ्यातला रस्ता नाही. बाणेर, हिंजवडी, नगर रोड हे ऑफिसच्या वेळेत सोडून द्या. चांदणी चौक २०२३ च्या नव्या फ्लायओव्हरनंतर बराच सुधारला, तरी कोथरूडकडून वर चढताना संध्याकाळी गाड्या तुंबतात, आणि चढ अधिक बंपर-टू-बंपर हे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन. मी एका मित्राच्या शेजारी बसून तिथे काटा बघितलाय. निघताना ९० ला शांत बसलेला, पहिल्या दहा मिनिटांत शंभरी, मागे दोन्ही फॅन विमानासारखे ओरडायला लागले, मग हळूहळू १०५, १०८, आणि मागच्या काचेवर हात ठेवला तर ठेवता येईना. वर पोचून हायवेला लागलो, दोन किलोमीटर नुसते ६० ने चाललो तर काटा परत ९२. गाडीत काहीच बिघाड नव्हता, तिला फक्त हवा पाहिजे होती.

एक्सप्रेसवे पहाटे छान आहे, पण मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी अजिबात जाऊ नका, सगळी मुंबई-पुणे सुट्टीवर निघालेली असते आणि बोरघाटात ट्रकच्या मागे तासन्‌तास उभं राहावं लागतं. जाताना उतार असतो म्हणून जाणवत नाही, परत येताना खोपोलीची दमट गरम हवा, वर आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत चढ, आणि त्यात जाम, तिथे चांगल्या चांगल्या गाड्या बाजूला उभ्या दिसतात. मंगळवार-बुधवारी जा. लिमिट १०० आहे, घाटात ६०, कॅमेरे आहेत, त्यामुळे ही गाडी तिथे पळवायला नाही तर मोकळी करायला न्यायची. मुळशीकडे पिरंगुटच्या पुढे पहाटे मस्त वाटतं, टेमघरवरून लवासाच्या दिशेचा चढ पण आवडीचा, मात्र आदल्या आठवड्यात साधी गाडी घेऊन रस्ता बघून या, नवीन स्पीडब्रेकर रातोरात उगवतात आणि त्यावर पांढरे पट्टेही नसतात. साताऱ्याकडे जाणार असाल तर सुट्टीच्या दिवशी खंबाटकीचा जाम लक्षात ठेवा. सिंहगडाचा घाट नको, अरुंद आहे, गर्दी असते, आणि वर गाडी उन्हात उभी करावी लागते.

अडकलातच तर

कधी ना कधी अडकणारच. पहिलं काम, मॅप्सवर लाल दिसायला लागलं की आधीच बाहेर पडा, लाज वाटून घेऊ नका, सावली बघून पंधरा मिनिटं थांबणं चांगलं. रांगेतच असाल तर गाडी इंच-इंच सरकवत नेऊ नका. पुढे एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच सोडा आणि परत न्यूट्रलला टाका. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. हे क्लचसाठी आहे. लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर, ऑडीच्या जुन्या आर८ चा आर-ट्रॉनिक, फेरारी एफ४३० चा एफवन गिअरबॉक्स, लॅम्बोर्गिनी ॲव्हेंटाडोर, या सगळ्यांत एकच क्लच आहे आणि तो कॉम्प्युटर दाबतो-सोडतो, तुम्ही सरकवत राहिलात की तो अर्धवट लागलेला राहून जळत राहतो. नवीन ड्युअल क्लचवाल्या गाड्या हे जास्त सहन करतात, तरी क्लचचं ऑइल तापतंच. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक दाबा.

एफसी रोडला, जेएम रोडला पोरं मोबाइल काढून येतात, दादा आवाज काढा ना. चांगली पोरं असतात, प्रेमाने विचारतात, मलाही त्यांना नाराज करायला आवडत नाही. पण तापलेल्या गाडीला उभ्या जागी रेस करायचं नाही, याला ठोस कारण आहे. २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनीने ॲव्हेंटाडोर परत बोलावल्या होत्या, जवळपास ५,९०० गाड्या, कारण असं सापडलं की टाकी गच्च भरलेली असेल तर पेट्रोल त्याच्या वाफेसाठी असलेल्या सिस्टिममध्ये शिरतं आणि उभ्या गाडीला रेस केल्यावर गरम एक्झॉस्टजवळ पेट घेऊ शकतं. त्याआधी २०१० मध्ये फेरारीने ४५८ परत बोलावली, १,२४८ गाड्या, तिथे मागच्या चाकाच्या वर उष्णता अडवणारा पत्रा गोंदाने चिकटवलेला होता, तो गोंदच उष्णतेने सैल होऊन पेट घेण्याचा धोका होता, मग त्यांनी गोंदाच्या जागी रिव्हेट मारून दिले. दोन्ही कंपन्यांनी ते दुरुस्त केलं, आणि सेकंडहँड घेताना ही कामं झाली आहेत का ते चासी नंबरवरून नक्की विचारा, पण यातून शिकायचं ते सगळ्याच गाड्यांना लागू आहे. पंपावर नॉझल एकदा टक्‌ करून बंद झाला की बस, राउंड फिगरसाठी अजून भरायला सांगू नका. आणि पोरांना म्हणा, पुढच्या सिग्नलला सुटताना आवाज ऐक.

काटा ११० च्या वर सरकायला लागला तर आधी एसी बंद करा, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसून त्यालाच गरम हवा देत असतो. तरी चढतोय? काचा खाली करा आणि हीटर फुल, ब्लोअर फुल. ४० डिग्रीत हीटर म्हणजे शिक्षा आहे मान्य, पण हीटर हा पण एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची उष्णता काढतो आणि बाजूला जाईपर्यंतची चार मिनिटं मिळवून देतो. डॅशबोर्डवर लाल दिवा आला किंवा वाफ दिसली तर मात्र एक मीटरही पुढे न्यायची नाही, इंजिन बंद. कूलंटच्या टाकीचं झाकण तासभर तरी उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि टोइंग करायचं तर फ्लॅटबेडच, हुक लावून ओढणाऱ्या क्रेनला हातसुद्धा लावू देऊ नका, पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पातळ पट्टी) आणि गिअरबॉक्स दोन्ही जाईल. फ्लॅटबेडवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.

गाडीत एक अग्निशामक सिलिंडर ठेवा, हाताला येईल असा सीटजवळ. आणि मागून धूर आला तर इंजिनचं झाकण धाडकन उघडू नका, आत हवा शिरली की भडका उडतो. इंजिन बंद, सगळे बाहेर, लांब, आणि ११२ ला फोन. गाडीचा इन्शुरन्स असतो.

पॉवर आणि पेट्रोल

उन्हात गाडी दमल्यासारखी वाटते ते खरंच आहे. २० डिग्रीची हवा ४० ची झाली की ती सहा-सात टक्के विरळ होते, त्यात पुणे ५६० मीटर उंचावर, तिथे अजून सहाएक टक्के गेले. टर्बो नसलेल्या गाडीत हे सरळ जाणवतं, टर्बोवाल्यात टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापला की कॉम्प्युटर स्वतःच स्पार्कचं टायमिंग मागे घेऊन ताकद कमी करतो. बिघाड नाही हा, गाडी स्वतःला जपतेय. ९५ किंवा १०० ऑक्टेन भरा, इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या शहरांत पुणंही होतं, त्यामुळे मिळत नाही ही सबब आपल्याला नाही. जुनी गाडी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल सहन करणारे आहेत का हे मेकॅनिकला विचारा, हा विषय पण आगीशीच जोडलेला आहे.

घरी आल्यावर

शेवटचे तीन-चार किलोमीटर आरामात चालवा. पोचल्यावर अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करा. बंद केल्यावर इंजिनच्या आतलं टेम्परेचर उलट थोडं वाढतं, कारण पाणी फिरायचं थांबतं आणि धातूतली उष्णता जाते कुठे. म्हणून फॅन आपोआप चालू राहतात, वॉचमन काका फोन करतील साहेब गाडी चालूच राहिली म्हणून, त्यांना आधीच सांगून ठेवा. इंजिनचं झाकण उघडून ठेवता येत असेल तर ठेवा, पण आधी पाच मिनिटं जाऊ देऊन. गरम गाडीवर कव्हर घालायचं नाही, दोन-तीन तासांनी घाला.

धुवायची पण गार झाल्यावर, सावलीत. तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकलं की ते लगेच वाळतं आणि डाग सोडतं, बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके तर पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. पक्ष्याची घाण मात्र वाट बघत नाही, उन्हात ती काही तासांत क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) खाते, त्यामुळे पाण्याची छोटी बाटली आणि मायक्रोफायबर गाडीतच ठेवा, आधी भिजवा, मग उचला, घासू नका. पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) असलं तरी हेच.

उन्हात उभी करावीच लागली तर पुढच्या काचेला सनशेड लावा. मोठी सपाट काच आणि खाली डॅशबोर्डचं लेदर, ते आकसतं आणि काचेकडच्या कडेला उचलतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या इटालियन गाड्यांची मऊ कोटिंगची बटणं उष्णतेने चिकट होतात, बोटाला काळं लागतं, ती साफ करून परत कोट करून देणारे लोक आहेत. काळी फिल्म लावायचा मोह होईल, पण २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या बाबतीत पोलिस सोडत नाहीत, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आलाच पाहिजे. आणि पोराला किंवा कुत्र्याला पाच मिनिटं म्हणून सुद्धा बंद गाडीत ठेवायचं नाही, या छोट्या केबिन फार पटकन तापतात.

एवढं सगळं वाचून दोन महिने गाडी बंदच ठेवतो असं ठरवू नका, ते पण वाईट. उभ्या गाडीची बॅटरी उन्हाळ्यात लवकर मरते, टायर एका जागी चपटे होतात, सील सुकतात. बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवा. आणि रोज पाच मिनिटं बेसमेंटमध्ये चालू करून बंद करायची ही सवय सोडा, त्याने ऑइल गरम होत नाही आणि आतली ओल तशीच राहते. त्यापेक्षा दोन आठवड्यांतून एकदा पहाटे काढा, पाणी आणि ऑइल दोन्ही पूर्ण गरम होईपर्यंत, म्हणजे कमीत कमी अर्धा-पाऊण तास चालवा. पाणी आधी गरम होतं, ऑइलला त्यानंतर अजून दहा मिनिटं लागतात, तोपर्यंत इंजिन चार हजार आरपीएमच्या वर नेऊ नका, उन्हाळा असला तरी.